बाटलीतल्या रोपाला साखर किती?

मंडळी, पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या ओळखीचे एक केळीबागाईतदार कॉलेजात मला भेटायला आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत काचेची बाटली. बाटलीच्या तळाशी चायना ग्रासच्या वडीसारखा घट्ट, पारदर्शक थर होता आणि त्या थरात बोटाएवढी पाच-सहा केळीची रोपे उभी होती. हिरवीगार, टवटवीत. बाटलीचे तोंड घट्ट बंद.

“सर, ह्यात माती नाही, शेणखत नाही, आणि ऊनसुद्धा दिव्याचं. मग हे एवढं तजेलदार कशाच्या जिवावर?”

मी म्हटले, “साखरेच्या.”

“चहातली साखर?”

“तीच.”

ते हसले नाहीत. थोडा वेळ बाटलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मागच्या साली अशीच बाटलीतून काढलेली रोपं स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. पाचशे. लावली आणि आठ दिवसांत होरपळून गेली. पाणी कमी नव्हतं, सर. त्यांची साखर तुटली म्हणून तर नसेल? मग शेतात साखर टाकली तर चालेल का?”

ह्या प्रश्नावर हसण्यासारखे काही नाही. तो अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे बाटलीच्या आत शिरावे लागेल.

झाडाचा बारीकसा तुकडा, म्हणजे कोंबाचे टोक, पानाचा कपटा किंवा बीजातला भ्रूण, निर्जंतुक बाटलीत तयार अन्नावर वाढवायचा, ह्याला आपल्या पाठ्यपुस्तकात ऊतीसंवर्धन म्हणतात. शेतकरी त्यालाच सरळ टिश्यू कल्चर म्हणतो. आपण दोन्ही नावे वापरू.

हिरवे झाड आपले अन्न आपण करते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी शोषलेले पाणी आणि सूर्यप्रकाश, एवढ्या भांडवलावर ते पानात साखर तयार करते. मग बाटलीतल्या रोपाला आयती साखर कशाला? कारण झाडापासून तोडलेल्या तुकड्याला सुरुवातीला पानच नसते. पुढे पान फुटले तरी दिव्याचा उजेड भर उन्हाच्या मानाने फारच मंद, आणि बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड अपुरा. चूल आहे, पण लाकूड नाही आणि वाराही नाही, अशी त्या पानाची अवस्था. तेव्हा शिजलेले अन्न बाहेरून पुरवणे भाग असते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही हळूहळू उमगत गेली. १९०२ साली गॉटलीब हाबरलांट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानातल्या सुट्या पेशी साखर घातलेल्या क्षारांच्या द्रावणात ठेवून पाहिल्या. पेशी काही आठवडे जगल्या, फुगल्या, त्यांच्यात पिष्टही साठले. पण एकीच्या दोन काही झाल्या नाहीत. १९३४ साली अमेरिकेत फिलिप व्हाइट ह्यांनी टोमॅटोच्या मुळांची टोके साखर, क्षार आणि यीस्टचा अर्क ह्यांच्या द्रावणात घेतली. टोक वाढले की ते कापायचे आणि नव्या द्रावणात ठेवायचे. अशा रीतीने ती मुळे सतत वाढत राहिली. नंतर १९६२ साली तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग ह्यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी एक पाककृती प्रसिद्ध केली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत बहुधा हीच पाककृती, थोडाफार फेरफार करून, चालते. तीत लिटरमागे साखर किती? ३० ग्रॅम. शंभरात तीन.

आता तुम्ही म्हणाल, अन्नच द्यायचे तर हात आखडता का? ३० चे ६० करा, १०० करा. रोप दुप्पट वाढेल!

इथेच गोम आहे. साखरेचे काम एक नाही, दोन आहेत. एक काम पोट भरण्याचे. दुसरे काम पाणी ओढण्याचे. पहिले काम आपल्याला चटकन दिसते. दुसरे दिसत नाही, पण घरोघरी चाललेले असते. काकडी चिरून तिला मीठ लावून ठेवा, घटकाभरात ताटलीत पाणी सुटते. आवळ्याच्या फोडी साखरेत घातल्या की त्यांचे पाणी बाहेर येऊन आपोआप पाक होतो. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगून टरटरीत होतात. तिन्ही ठिकाणी कायदा एकच. पेशीभोवती एक नाजूक पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करते, साखर आणि मीठ सहजी जात नाहीत. ज्या बाजूला विरघळलेला माल जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. ह्याला परासरण म्हणतात. मोरावळा वर्षभर टिकतो तोही ह्याच कायद्याने. त्याच्यावर पडलेल्या जंतूंच्या अंगातले पाणी पाक ओढून घेतो आणि ते तहानेने वाढूच शकत नाहीत. तेच पातळ सरबत मात्र दोन दिवसांत आंबते.

म्हणजे पाहा, साखर थोडी असली तर ती अन्न आहे. तीच फार झाली तर ती तहान आहे. ऊसकऱ्याला आणि केळीवाल्याला हे वेगळ्या रूपात ठाऊकच आहे. बुंध्याशी युरियाची मूठ जास्त पडली तर पाने करपतात. जमिनीत ओल असते, पण खतामुळे ती इतकी खारट झालेली असते की मुळाला पाणी ओढता येत नाही. खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्याला तर हे सांगायलाच नको. पाणी समोर, आणि पीक तहानलेले.

ही ओढ किती जबर असते त्याचा एक हिशेब देतो. शिक्षक मंडळींना वर्गात उपयोगी पडेल. लिटरात ३० ग्रॅम साखर असलेले द्रावण आणि शुद्ध पाणी ह्यांच्यामध्ये असा पडदा ठेवला, तर द्रावण पाण्याला सुमारे दोन वातावरणांच्या जोराने ओढते. म्हणजे जवळजवळ ७० फूट उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतका जोर! बाटलीतल्या क्षारांची ओढ आणखी वेगळी. तरीही रोप तगते, कारण त्याच्या पेशीतल्या रसाची ओढ सहसा ह्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त असते. ही रस्सीखेच आहे, आणि पेशी थोड्या फरकाने जिंकते. साखर वाढवत नेली की तो फरक घटत जातो. एका मर्यादेला दोन्ही बाजू समान होतात, आणि पुढे पाणी उलटे पेशीतून बाहेर पडू लागते. भिंत जागच्या जागी राहते, पण आतला जीवरस भिंतीपासून सुटून आक्रसतो.

साखर नुसती किती, हे विचारून भागत नाही. कोणती, हेही विचारावे लागते. ओढ अवलंबून असते ती वजनावर नव्हे, तर कणांच्या संख्येवर. पोत्यात नारळ भरले की सुपाऱ्या, वजन तेवढेच असले तरी नग वेगळे. आपली उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, हिचा रेणू मोठा. ग्लुकोजचा जवळजवळ निम्म्या वजनाचा. तेव्हा ३० ग्रॅम सुक्रोजच्या जागी ३० ग्रॅम ग्लुकोज घातले, तर अन्न तेवढेच राहिले तरी ओढ जवळजवळ दुप्पट होते. शिवाय सुक्रोजचा एक रेणू फुटला की ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन होतात. पेशी आपल्या भिंतीतल्या विकराने हे फोडण्याचे काम करतातच. पण माध्यम निर्जंतुक करताना वाफेच्या भांड्यात १२१ अंशांवर ठेवतात, तेव्हाही थोडी साखर फुटते. १५-२० मिनिटांच्या जागी कोणी तासभर ठेवले, तर साखर करपून माध्यम तांबूस होते आणि मापही बिघडते. काटा बरोबर असूनही बाटली बिघडते ती अशी.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: गूळ चालेल का? गुळात साखरेबरोबर क्षार आणि इतर द्रव्ये असतात, आणि ती प्रत्येक ढेपेत वेगळी. खायला उत्तम; मापाला बेभरवशाचा. बाजारातली पांढरी दाणेदार साखर मात्र जवळजवळ शुद्ध सुक्रोजच असते. म्हणून खर्च वाचवण्यासाठी अनेक व्यापारी प्रयोगशाळा महागड्या रसायनाऐवजी तीच वापरतात.

आता शास्त्रज्ञांपुढे एक अडचण उभी राहिली. साखर वाढवली आणि रोपात काही बदल झाला, तर तो अन्नामुळे की ओढीमुळे, हे ओळखायचे कसे? त्यावर उपाय असा, की ओढ तर लावील पण पोट भरणार नाही, असा पदार्थ शोधायचा. मॅनिटॉल हा त्यांपैकी एक. चवीला गोड, साखरेचाच भाऊबंद, पण बहुतेक पेशी तो फारसा खाऊ शकत नाहीत. दुसरा सॉर्बिटॉल. पण त्याच्या बाबतीत सावध राहावे लागते. सफरचंदाच्या झाडात पानाकडून फळाकडे अन्न जाते ते मुख्यतः सॉर्बिटॉलच्याच रूपात, त्यामुळे सफरचंदाच्या ऊती त्यावर चांगल्या पोसतात. एकाचे वजन, ते दुसऱ्याचे जेवण! तिसरा पदार्थ पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याला पेग म्हणतात. त्याच्या मोठ्या रेणूंच्या जातीला पेशीच्या भिंतीतूनही आत जाता येत नाही, म्हणून ती बाहेर राहूनच पाणी ओढते. कोरड्या जमिनीची ही जवळची नक्कल झाली. अवर्षणात कोणता वाण तग धरेल, ह्याची पहिली चाचणी पेग घातलेल्या द्रावणात घेता येते. अर्थात शेवटची चाचणी शेतातच.

ही ओढ म्हणजे नेहमी संकटच असे मात्र समजू नका. मापात दिली तर ती मोठी कामाची आहे. धोत्रा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या कच्च्या बोंडातला अगदी कोवळा भ्रूण काढून बाटलीत वाढवायचा, तर त्याला सुमारे ८ टक्के साखर लागते, असे १९५३ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसले. तोच भ्रूण मोठा झालेला घेतला तर एक टक्क्याच्या आतबाहेर पुरते. असे का? कोवळा भ्रूण बीजात असतो तेव्हा त्याच्याभोवतीचा रस दाट असतो. त्या दाटपणामुळे त्याला अंग धरायला वेळ मिळतो. पातळ द्रावणात तो अकाली रुजू पाहतो आणि रोडावतो. जणू तिसरीतल्या मुलाला नांगराला जुंपले! मोठा झाल्यावर मात्र तेच दाट पाणी त्याला अडसर होते.

बटाट्याचे पाहा. बाटलीत बटाट्याचे रोप ३० ग्रॅम साखरेवर नुसते उंच वाढते. साखर ८० ग्रॅम करून बाटली अंधारात ठेवली की कांडी-कांडीला वाटाण्याएवढे बटाटे धरू लागतात, आणि रोगमुक्त बेणे तयार करायला ते उपयोगी पडतात. त्यात कामी येते ते अन्न की ओढ? जास्तीच्या साखरेऐवजी नुसते मॅनिटॉल घालून पाहिले तर तेवढे चांगले बटाटे धरत नाहीत. म्हणजे इथे दोन्ही हवीत, आणि पोटाला आधी हवे.

उलट बटाट्याचे वाण नुसते सांभाळून ठेवायचे असले, तर ओढीचा उपयोग लगामासारखा करतात. पेरू देशात लिमा येथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. तेथे हजारो वाण बाटल्यांतून जपलेले आहेत. माध्यमात सुमारे ४ टक्के सॉर्बिटॉल आणि खोलीत ६ ते ८ अंशांचा गारवा. रोपे मरत नाहीत आणि भरभर वाढतही नाहीत. एरवी काही आठवड्यांनी बदलावी लागणारी बाटली दोनेक वर्षे तशीच चालते.

आणि एक नवल सांगतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एडवर्ड कॉकिंग ह्यांनी टोमॅटोच्या मुळांतल्या पेशींची भिंत विकराने विरघळवून उघडा जीवरस वेगळा केला. अशी बिनभिंतीची पेशी साध्या पाण्यात टाकली तर फुग्यासारखी फुगते आणि फुटते. तिला जगवायचे तर बाहेरच्या द्रावणाची ओढ आतल्या ओढीच्या तोडीची हवी. म्हणून अशा कामात लिटरमागे साधारण ७० ते ११० ग्रॅम मॅनिटॉल घालतात. भिंत गेली तेव्हा तिचे काम गोड पाण्याने केले, असे म्हणा ना!

शिक्षक मित्रहो, हे सारे मुलांना दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोठा बटाटा घ्या आणि त्याच्या सारख्या मापाच्या तीन कांड्या कापा, प्रत्येकी ५ सेंटिमीटर लांब. तीन पेल्यांत २००-२०० मिलिलिटर पाणी घ्या. पहिल्यात काही घालू नका. दुसऱ्यात ६ ग्रॅम साखर, म्हणजे टिश्यू कल्चरच्या बाटलीतले प्रमाण. तिसऱ्यात ५० ग्रॅम. चमच्याने नको, काट्याने मोजा. दोन-तीन तासांनी कांड्या मुलांच्या हातांत द्या. पहिली आणि दुसरी कडक लागतील, मोजली तर किंचित लांब भरतील. तिसरी लुळी पडेल, बोटाभोवती वाकेल. मग मुलांना विचारा, ‘तिन्ही पाण्यातच होत्या ना? मग तिसरी तहानली कशी?’ उत्तर त्यांनाच शोधू द्या.

आता आमच्या बागाईतदारांकडे वळू. त्यांची पाचशे रोपे का गेली?

बाटलीत रोपाला अन्न आयते होते, आणि हवाही जवळजवळ पूर्ण दमट होती. अशा घरात वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ राहतो. पानाची छिद्रे वेळेवर मिटायला शिकत नाहीत. पानाचा साखर करण्याचा कारखाना पुरता चालू झालेला नसतो. जेलीत फुटलेल्या मुळांना मातीत पाणी शोषणारे बारीक केस फारसे नसतात. असे रोप एकाएकी उघड्या रानात लावले, म्हणजे एकाच दिवशी त्याचे ताट काढून घेतले आणि वर उन्हात उभे केले. खाली पाणी भरपूर असले तरी पानातून जाणारे पाणी मुळातून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त. ते होरपळणारच. साखर तुटली हे त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण उपाय शेतात साखर टाकण्याचा नव्हे. मातीत टाकलेली साखर रोपाच्या आधी सूक्ष्मजीव खातील, आणि वाढता वाढता मातीतला नत्रही उचलतील. पैसे जातील आणि रोप उपाशीच राहील.

उपाय आहे तो दूध तोडण्याचा, हळूहळू. बाटलीतून काढलेली मुळे कोमट पाण्याने धुवून जेलीचा कण न कण काढतात. ती साखर राहिली तर तिच्यावर बुरशी धरते. मग रोपे नारळाच्या भुशात लावून काही आठवडे दमट हरितगृहात ठेवतात, आणि त्यानंतर पिशवीत लावून आणखी काही आठवडे सावलीच्या जाळीखाली. बाटलीतली पाने ह्या काळात गळतात. त्यांचे दुःख करू नये. बाहेरच्या हवेत फुटलेले नवे पान हेच खरे कमावते पान.

जपानमध्ये चिबा विद्यापीठातल्या तोयोकी कोझाई ह्यांनी तर वेगळीच वाट धरली. बाटलीत उजेड वाढवायचा, कार्बन डायऑक्साइड पुरवायचा आणि साखर मुळी घालायचीच नाही. अशी रोपे लहानपणापासून आपले अन्न आपण करतात आणि बाहेर आल्यावर कमी दगावतात. खर्चाचे गणित प्रत्येक पिकाला जमत नाही, म्हणून साखरेच्या बाटल्या अजून चालू आहेत. पण धडा घेण्यासारखा आहे.

तेव्हा केळीची टिश्यू कल्चर रोपे घ्याल तेव्हा भाव विचारण्याआधी रोप पाहा. साधारण फूटभर उंच, पाच-सहा पानांचे, पिशवीत रुजलेले, पांढऱ्या मुळांनी माती धरून ठेवलेले रोप घ्या. ते सावलीच्या जाळीखाली किती आठवडे होते, हे स्पष्ट विचारा. केंद्र सरकारची २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन योजना आहे. ते प्रमाणपत्र विषाणूंपासून मुक्तता आणि वाणाचा अस्सलपणा ह्यांची हमी देते; रोपाचा कणखरपणा मात्र आपल्याच डोळ्यांनी तपासायचा.

आमच्या बागाईतदारांनी सगळे ऐकून घेतले. बाटली पुन्हा पिशवीत ठेवली आणि उठता उठता म्हणाले, “म्हणजे सर, लेकराला पोसायचंही, आणि वेळेवर पंगतीतून उठवायचंही.”

मी एवढे लांबण लावले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. ती बाटलीतली रोपे त्यांनी एका माहीतगार रोपवाटिकेत सांभाळायला दिली. यंदा ती बांधाजवळच्या ओळीत उभी आहेत, आणि त्यांना कोणी साखर घातलेली नाही.